डोक्याला मार लागल्यावर विश्रांती किती आणि हालचाल किती? (मिस्टर ७ आठवडे घरी आहेत)

पंचगंगाकाठ:

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. मोठं झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही इचलकरंजीचे. माझे मिस्टर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, वय ४१. ७ आठवड्यांपूर्वी रात्रपाळी करून येताना गाडी घसरली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. डोक्याची उजवी बाजू आपटली, काही मिनिटं शुद्ध नव्हती, दोनदा उलटी झाली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात रक्ताचा छोटा डाग दिसला, डॉक्टर त्याला कंट्यूजन म्हणाले. ऑपरेशन लागलं नाही. ८ दिवस दवाखान्यात ठेवलं आणि दुसऱ्या स्कॅनमध्ये डाग वाढलेला नाही बघून घरी सोडलं. फिट येऊ नये म्हणून गोळी चालू आहे. कागदावर लिहिलंय, 'विश्रांती घ्यावी'. किती, कशी, कधीपर्यंत, काही नाही. त्या गर्दीत मला विचारायलाही सुचलं नाही.

आता घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, डोक्याचा मार आहे, तीन महिने अंथरुणातून उठू द्यायचं नाही. दीर म्हणतात, पडून राहिला तर हातपाय गळतील, कारखान्यात नुसता येऊन बसू दे. आणि ह्यांचं स्वतःचं वेगळंच. मंगळवारी बरं वाटलं म्हणून पंखा उतरवून साफ केला, मुलाच्या सायकलची चेन बसवली, संध्याकाळी मित्र आले त्यांच्याशी दोन तास बोलत बसले. मी म्हटलं, चला, सुटलो. बुधवार-गुरुवार डोळे उघडेनात. शुक्रवारी मुलगा पाढे म्हणत होता, त्याच्यावर असे ओरडले की पोरगं शेजारच्या घरात जाऊन बसलं. लग्नाला १४ वर्षं झाली, ह्यांनी कधी आवाज चढवलेला नाही. नंतर स्वतःच रडत बसले.

मी घरी शिलाई करते. मशीन सुरू झालं की हे कान धरतात. मशीन बंद ठेवलं की घरात येणारे पैसे बंद. ह्यांचा पगार हजेरीवर, तो कधीच थांबलाय.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. दिवसा झोपू द्यायचं का? चालायला न्यायचं का? मोबाईल हातात द्यायचा का? आणि रोज बघायला येणाऱ्या माणसांना काय सांगायचं?

सांगलीचा फिजिओ:

ताई, मी तुमच्या मिस्टरांना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या न्यूरोसर्जनचा. पण आधी एक. डोकेदुखी सतत वाढत गेली, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, उठवूनही नीट जाग येईना, बोलताना जीभ अडखळली, एका हातापायातली ताकद कमी वाटली, एक बाहुली मोठी दिसली, फिट आली, किंवा नाकाकानातून पाण्यासारखं काही येऊ लागलं, तर विश्रांती-हालचालीचा विचार करत बसू नका. सरळ दवाखान्यात न्या.

आता तुमचा प्रश्न. पूर्वी आम्हीही सांगायचो की अंधार करून पडून राहा. ते आता बदललंय. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ११ ते २२ वर्षांच्या ८८ मुलामुलींवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू नेहमीची कामं, दुसऱ्या गटाला सक्त ५ दिवस विश्रांती. सक्त विश्रांतीवाल्यांना फायदा झाला नाही, उलट त्यांनी त्रासाची लक्षणं जास्त नोंदवली. पुढे २०१९ साली बफेलो इथल्या डॉक्टरांनी खेळताना डोक्याला मार लागलेल्या १०३ किशोरवयीन मुलांचे दोन गट केले. एकाला रोज हलका, त्रास न वाढवणारा व्यायाम, दुसऱ्याला नुसतं स्ट्रेचिंग. व्यायामवाले साधारण १३ दिवसांत बरे झाले, दुसरे १७. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला या विषयातले तज्ज्ञ जमले होते. त्यांनी सांगितलं की पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली साधी कामं आणि थोडं चालणं चालेल, स्क्रीन कमी, आणि मग हळूहळू वाढवत न्यायचं. हालचाल करताना त्रास ० ते १० च्या मापात २ अंकांपर्यंत वाढला आणि तासाभरात खाली आला, तर घाबरायचं कारण नाही.

पण एक लक्षात घ्या. हे सगळे कंकशन, म्हणजे मेंदूला हलका धक्का बसलेली मुलं आणि खेळाडू होते. तुमच्या मिस्टरांच्या मेंदूत रक्ताचा डाग होता. १३ आणि १७ हे आकडे त्यांना लावू नका. दिशा तीच, वेग खूप कमी. चालताना गप्पा मारता येतील एवढाच वेग. जड उचलणं, खाली वाकून जोर लावणं सर्जन परवानगी देईपर्यंत नको, म्हणून पंखा उतरवणं मला अजिबात आवडलेलं नाही. स्टुलावर चढणं तर नकोच, पुन्हा डोकं आपटलं तर फार महागात पडेल. गाडी चालवणं आणि चालू मागाजवळ जाणंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फिटची गोळी चालू आहे आणि समोर फिरतं यंत्र आहे, ही जोडी धोक्याची आहे. दारू पूर्ण बंद.

एक विचारतो, अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंद खोली गरगर फिरल्यासारखी वाटते का? तसं असेल तर आतल्या कानातले बारीक कण मार लागल्यावर जागा सोडून सरकलेले असू शकतात. त्याला गोळ्या खात बसावं लागत नाही. डोकं ठराविक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणता येतात, बऱ्याचदा एक-दोन बैठकांत. ईएनटीवाले, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, किंवा प्रशिक्षित फिजिओ करतात. घरी व्हिडिओ बघून करू नका.

कानामात्रा:

पंचगंगाकाठ, तुमचा मंगळवार वाचला आणि माझ्या पोटात कालवलं, कारण तो मंगळवार मी जगले आहे.

मी पुण्याची. मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारी. २०१८ च्या ऑक्टोबरात दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पडले आणि डोकं स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेवर आपटलं. मलाही कंट्यूजन, कपाळाच्या मागच्या भागात. ४ दिवस अतिदक्षता विभागात, एकूण ९ दिवस दवाखान्यात. मला विचाराल तर खरं आजारपण घरी आल्यावर सुरू झालं, कारण दवाखान्यात काय करायचं हे दुसरं कुणीतरी ठरवत होतं.

घरी आल्यावर मी दोन्ही चुका केल्या, एकीपाठोपाठ एक. सहाव्या आठवड्यात एक दिवस सकाळी उठले तर डोकं हलकं. ढग गेल्यासारखं. त्या दिवशी भाचीचं केळवण होतं. चार तास बसले, हसले, सगळ्यांना पडल्याची गोष्ट सांगितली, दोनदा वाढायलाही उठले. पुढचे तीन दिवस पडदे ओढून. पंख्याचा आवाजसुद्धा सोसवेना. मग मी एवढी घाबरले की दुसऱ्या टोकाला गेले. ११ दिवस अंथरुणात. शेजारच्या काकू म्हणत होत्या, डोक्याला आराम द्या, मीही दिला. त्या ११ दिवसांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं केळवणाने केलं नाही. रात्रीची झोप गेली, दिवसभर गुंगी. उठून उभं राहिलं की चक्कर. मनात एकच, आता मला काही जमणार नाही. तुमच्या सासूबाईंचा जीव तुटतोय म्हणून त्या म्हणतात, माझी आईही तेच म्हणत होती. पण तीन महिने अंथरूण नको. कळकळीने सांगते.

मला वळणावर आणलं एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "दिवसभरात काय काय करता?" मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "किती माणसं भेटून गेली काल?" सात. "किती फोन?" मोजले नव्हते. "टीव्ही?" बाहेरच्या खोलीत चालू असतो. त्या म्हणाल्या, मग तुम्ही दिवसभर काम करताय. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असतो, आणि शरीर खर्च करतं त्या ऊर्जेपैकी साधारण २० टक्के एकटा खातो. दुखावलेल्या मेंदूला आवाज गाळणं, समोरच्याचा चेहरा वाचणं, वाक्य जुळवणं या प्रत्येक गोष्टीला जास्त कष्ट पडतात. आपण हातपाय हलवले नाहीत म्हणजे विश्रांती झाली असं धरून चालतो, तिथे सगळं चुकतं. तुमचे मिस्टर पंखा आणि सायकल कदाचित सोसूनही गेले असते. मित्रांबरोबरच्या दोन तासांनी त्यांना आडवं केलं असेल, असा माझा अंदाज आहे.

बाईंनी मला एक वही ठेवायला सांगितली. मला वही सापडेना, म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय घेतलं. रोजच्या चौकोनात तीन गोष्टी. सकाळी उठल्यावर डोकेदुखी किती, ० ते १० मध्ये. दिवसभरात किती मिनिटं काय केलं. झोपताना पुन्हा आकडा. दोन आठवडे मी हे सरळ वाचत होते, आजचं काम आणि आजचा आकडा, आणि काही मेळच लागत नव्हता. जास्त काम केलेल्या दिवशी आकडा चांगला, काहीच न केलेल्या दिवशी वाईट. मग एकदा प्रूफ तपासावं तसं बोट ठेवून बघितलं आणि लक्षात आलं की आजचं काम उद्याच्या सकाळच्या आकड्याशी ताडायचंय. एक घर सोडून वाचायचं. भार आज पडतो, मेंदू पावती उद्या देतो. तुमचा मंगळवार-बुधवार हेच आहे. एकदा हे दिसलं की चांगल्या दिवसाचा मोह आवरता येतो. माझा नियम असा झाला की काम बरं चाललेलं असतानाच थांबायचं, डोकं दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. दुखायला लागलं म्हणजे आधीच उशीर झालेला असतो.

आता काय करायचं ते. माझं काम वाचनाचं, म्हणून मी वाचनाने सांगते. पहिल्यांदा प्रूफ हातात घेतलं तेव्हा ओळी एकमेकींत घुसत होत्या. ऱ्हस्व-दीर्घ दिसायचेच नाहीत. आयुष्यभर जी चूक मला पानाच्या टोकावरून दिसायची ती समोर असून दिसेना, तेव्हा मी खूप रडले. मग एका जुन्या पोस्टकार्डाला ओळीएवढी खाच कापली. ते पानावर ठेवायचं, एकच ओळ उघडी. ८ मिनिटं, घड्याळ लावून, आणि मग डोळे मिटून १५ मिनिटं शांत. झोपायचं नाही, फोन नाही, नुसतं बसायचं. असं सकाळी एकदा, दुपारी एकदा. ८ मिनिटं एक आठवडाभर, रोज तेवढीच, बरं वाटलं तरी तेवढीच. आठवड्याने सगळे सकाळचे आकडे स्थिर दिसले की १० मिनिटं. ज्या आठवड्यात आकडा चढला त्या आठवड्यात एक पायरी मागे, पण शून्यावर नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. वाईट दिवशीही काहीतरी ठेवायचं, दारापर्यंत चालणं का असेना. पूर्ण बंद करायचं नाही.

घरकामात मला जे कळलं ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. वाती वळणं सोपं. मटार सोलणं सोपं, लसूणही. मेथी निवडायला घेतली आणि १० मिनिटांत डोकं गच्च झालं. मला नवल वाटलं, बसल्या जागचंच तर काम. पण मेथी निवडताना प्रत्येक काडीपाशी ठरवावं लागतं, हे पान ठेवायचं, हे टाकायचं. डोळ्यांना शोधावं लागतं. वातीत ठरवायचं काही नसतं. पोळ्या लाटणं जमायचं, पण पोळ्या लाटताना कुकरच्या शिट्ट्या मोजणं आणि त्यात कुणीतरी काही विचारणं, तिथे मी कोलमडायचे. एका वेळी एकच. चालण्याचंही तसंच. सोसायटीच्या मैदानावर ४ फेऱ्या सहज, आणि तेवढीच पावलं मंडईत टाकली की घरी येऊन आडवं. म्हणून मिस्टरांना चालायला न्या, नक्की न्या, पण सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्याने, बाजारातून नको. आणि चालताना बोलायला लावू नका. सोबत चाला, गप्प.

दिवसा झोप? दुपारी एकदाच, अर्धा तास, गजर लावून. सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदू जास्त झोप मागतो, पण ७ आठवड्यांनंतर दिवसभर झोपलं की रात्र मोडते, आणि रात्र मोडली की सगळंच मोडतं. मोबाईल मी दिवसातून दोनदा १० मिनिटं ठेवला होता. सरकत जाणारी चित्रं मला सगळ्यात वाईट. नुसता फोनवर आवाज ऐकणं बरं.

माणसांचं. माझ्या आईने एक केलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. येणाऱ्याला बाहेरच्या खोलीत बसवून चहा ती द्यायची, काय झालं, कसं झालं हे सगळं तीच सांगायची, आणि मग एकेकाला आत पाठवायची, १० मिनिटं. पडल्याची गोष्ट मला पुन्हा सांगावी लागायची नाही. कुणी रागावलं नाही. तुमच्या सासूबाईंना हे काम द्या. त्यांना मुलासाठी काहीतरी करायचंय, 'उठू नको' म्हणण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

चिडचिडीबद्दल. कपाळाच्या मागच्या भागाला मार लागला की राग आवरण्याची ताकद कमी होते, आणि थकल्यावर जास्तच. मुलाला हे सांगा, त्याच्या भाषेत. बाबांच्या डोक्याला लागलंय, ते दमले की आवाज चढतो, तू काही चुकलेला नाहीस. माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. मला फिटसाठी लेव्हेटिरासेटम चालू होती. त्या गोळीने काहींची चिडचिड वाढते. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी बदलून दिली. मिस्टरांची कुठली गोळी आहे मला माहीत नाही, पण हा राग डॉक्टरांना शब्दाशब्दांनी सांगा. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवसही नाही. अचानक बंद केली तर फिट येऊ शकते.

आणखी एक, घाईत राहून जाईल. त्यांना वास येतो का ते बघा. डोळे मिटवून हिंग, चहाची पावडर, साबण नाकाशी धरा. माझा वास त्या दिवशी गेला तो अजून आला नाही. फोडणी करपली तरी मला कळत नसे, आणि गॅस सुटला तर कळणार नाही या भीतीने आईने सहा महिने शेगडी मला एकटीला लावू दिली नाही.

मी ७ महिन्यांनी पूर्ण दिवस कामाला बसले. आजही प्रूफं सलग दोन तासांपेक्षा जास्त बघत नाही.

द्राक्षबाग:

कानामात्रा ताईंनी लिहिलंय ते माझ्या वडिलांनाही लागू पडलं. आम्ही निफाड तालुक्यातले. वडील ६८ वर्षांचे, बागेत तारेला डोकं लागलं, खरचटलंही नाही. ५ आठवड्यांनी चालताना एका बाजूला झुकायला लागले, नावं विसरायला लागले. आम्हाला वाटलं वय झालं. स्कॅन केलं तर कवटीखाली जुनं रक्त साचलेलं. कवटीला छिद्रं पाडून ते काढलं. ते हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेत होते, त्यामुळे असं होण्याची शक्यता जास्त असते, हे तेव्हा कळलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा.

नंतर त्यांना घरात थांबवणं अशक्य. आयुष्य बागेत गेलेलं. मी खुर्ची बागेच्या कडेला सावलीत ठेवली. पहिले १५ दिवस फक्त तिथे बसायचं, सकाळी ७ ते ८, ऊन चढायच्या आत. मग एक ओळ चालून यायचं. मग एका झाडाची पानं काढायची. कात्री हातात दिली ती दोन महिन्यांनी. घरात बसवलं असतं तर ते खचले असते असं मला ठाम वाटतं. माणसाला त्याच्या जागेच्या जवळ ठेवा, कामाच्या मध्ये नको.

पंचगंगाकाठ:

तुम्हा तिघांचं रात्री दोनदा वाचलं. सकाळी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. आईंनी चहाचं आपल्याकडे घेतलंय. हिंगाचा वास आला, साबणाचा आला. कूस बदलताना गरगरतं म्हणाले, मी विचारेपर्यंत त्यांनी सांगितलंच नव्हतं. सांगलीला ईएनटीकडे नंबर लावलाय. गोळी तीच आहे, लेव्हेटिरासेटम. सोमवारी डॉक्टरांना सांगते.

शिलाई मशीनचं काय करू तेवढं सांगा.

कानामात्रा:

मशीनखाली जाड गोधडी दोन घड्या करून ठेवा, फरशीतून येणारी थरथर कमी होईल. आणि वेळ ठरवून घ्या. अचानक सुरू होणारा आवाज जास्त लागतो, माहीत असलेला कमी. ते चालायला बाहेर जातील तेव्हा मशीन, आणि दुपारी एक तास, आधी सांगून. त्या तासात त्यांना शेजारी किंवा गच्चीच्या जिन्यात बसू द्या. कानात कायम कापूस घालून ठेवू नका, कान आणखी हळवे होतात. गर्दीत जाताना तेवढ्यापुरता घाला.

हाताला काम हवं तर त्यांची पान्यांची पेटी काढून द्या. पुसून, मापाप्रमाणे लावून ठेवायची. १० मिनिटं.

पंचगंगाकाठ: (६ आठवड्यांनंतर)

कळवायचं राहिलं होतं, माफ करा. हात मोकळा नव्हता.

गरगरणं दोन बैठकांत गेलं. फिजिओ दादा, तुमचे खूप आभार, आम्ही त्याला अशक्तपणा समजून टॉनिक पाजत होतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, हळूहळू एक कमी करत दुसरी वाढवत. राग पूर्ण गेला नाही, पण आता आधी कळतो. हे स्वतःच उठून गच्चीवर जातात. मुलाला आम्ही सांगितलंय, गच्चीवर गेले की मागे जायचं नाही. परवा तो मला म्हणाला, आई, बाबा आज एकदाच गेले.

कालनिर्णयवर लिहितो. पहिले ९ दिवस सगळे आकडे ६ आणि ७. मला वाटलं हे आपल्याला लागू होणार नाही. मग तुमचं एक घर सोडून वाचायचं आठवलं. ह्यांच्या बाबतीत चालण्याने काही होत नव्हतं. मित्रांचे फोन आलेल्या दिवसानंतरची सकाळ ७. आता फोन संध्याकाळी ५ ते सव्वापाच, तेवढाच. गेल्या आठवड्यात तीन सकाळी ३ आहेत. सकाळी नदीच्या बाजूने २५ मिनिटं चालतो, मी आणि हे. तुम्ही म्हणालात तसं बोलत नाही. पहिल्यांदा फार अवघड गेलं. आता सवय झाली.

पान्यांची पेटी रोज. सगळे पाने चकचकीत झाले, आता शेजारच्यांचे आणून पुसतात.

द्राक्षबाग दादा, तुमचं खुर्चीचं वाचून मी दिरांशी बोलले. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, यंत्रापासून लांब बसून यायला हरकत नाही, हात लावायचा नाही. मालकांनीही हो म्हटलं. रविवारी कारखाना जवळजवळ बंद होता, टोकाचे चारच माग चालू. हे दाराशी बाकावर बसले, कानात कापूस, मी शेजारी घड्याळ घेऊन. १२ मिनिटं. मला वाटत होतं डोकं धरतील. आठव्या-नवव्या मिनिटाला ह्यांनी मला बोटाने तिसरा माग दाखवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "धोटा नीट बसत नाही, पिकर झिजलाय." पिकर म्हणजे धोट्याला फटका मारून इकडून तिकडे पाठवणारा भाग. दिरांनी माग थांबवून बघितलं. झिजला होता.

घरी येऊन दोन तास झोपले. सोमवारी सकाळी आकडा ४, मंगळवारी ३.

आता हे म्हणतायत, पुढच्या रविवारी २० मिनिटं बसतो. कानामात्रा ताई, २० करू की १४?

कानामात्रा:

पिकरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला पहिली वेलांटी दिसली तो दिवस आठवला.

१२ च ठेवा. अजून दोन रविवार.